निमगावात निमगावकर नाही

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



बारामतीहून इंदापूरला जाताना वाटेत आमचे निमगाव केतकी लागते. पानमळ्यांचे गाव म्हणून आणि तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव म्हणून तुमच्यापैकी पुष्कळांना ते माहीत असेल. या गावात दर दोन-चार वर्षांनी एखादा अनोळखी पाहुणा एसटीतून उतरतो, स्टँडवरच्या पानाच्या टपरीवर जातो आणि विचारतो, "इथं निमगावकरांचा वाडा कुठं आहे हो?" टपरीवाला चुना लावता लावता मान हलवतो. जाधव आहेत, राऊत आहेत, शेंडे आहेत, भोंग आहेत. निमगावकर मात्र औषधालासुद्धा नाही. पाहुणा हिरमुसतो. मी शाळेत मास्तर होतो, आणि अशी माणसे शेवटी मास्तरकडेच पाठवली जातात. त्यामुळे या पाहुण्यांची समजूत काढण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आले. ती काढता काढता माझ्याच घरातला एक गुंता कसा उलगडला, ते आज सांगणार आहे.

पहिली गोष्ट अशी की गावाच्या नावाला 'कर' लावून झालेले आडनाव त्या गावात सापडत नाही, ते त्या गावाबाहेर सापडते. थोडा विचार केला की यात नवल वाटत नाही. निमगावात सगळेच निमगावचे. तिथे कुणाला निमगावकर म्हणून काय उपयोग? ते नाव उपयोगी पडते दुसऱ्या गावात, जिथे निमगावहून आलेला एकटाच असतो. म्हणजे हे आडनाव माणूस स्वतः घेत नाही, परकी माणसे त्याला ते देतात, आणि तेही त्याने गाव सोडल्यावर. पुढे दोन-तीन पिढ्या गेल्या की गाव विसरते, नाव उरते आणि नातवंडे वाडा शोधत एसटीने येतात.

आमच्या शेजारचेच उदाहरण घ्या. हल्ली वर्तमानपत्रात 'बारामतीकर' हा शब्द दिसला की त्याचा अर्थ राजकारणातला असतो. ते सोडा. पेशवाईत पुण्यात बारामतीकर म्हटले की बाबूजी नाईक जोशी समजत. मोठे सावकार, पेशव्यांचे व्याही. बाळाजी विश्वनाथांची कन्या भिऊबाई त्यांच्या भावाला दिली होती. कऱ्हेकाठचा त्यांचा वाडा अजून उभा आहे. पुण्याच्या दरबारात जोशी काय थोडे होते? म्हणून हे झाले बारामतीकर जोशी. त्यांच्याच आश्रयाला असलेले कविवर्य मोरोपंत १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मले, पण हयात बारामतीत घालवली आणि १७९४ साली तिथेच देह ठेवला. त्यांचे आडनाव पराडकर. पंत बारामतीत जन्मभर राहूनही बारामतीकर झाले नाहीत, आणि नाईक पुण्याच्या कागदात बारामतीकर झाले, ही गंमत मला फार आवडते.

दुसरी गोष्ट पाहुण्यांना सांगताना मला जरा जड जाते. तुम्ही निमगावकर असाल, पण कोणत्या निमगावचे? निंबाचे झाड नाही असे गाव महाराष्ट्रात शोधावे लागेल, तेव्हा निमगावांना तोटा कसा असेल? एका पुणे जिल्ह्यातच पाहा. शिरूर तालुक्यात निमगाव म्हाळुंगी, जुन्नरला निमगाव सावा, खेडला खंडोबाचे निमगाव. नगर जिल्ह्यात गेलात तर संगमनेरला निमगाव जाळी, शिर्डीच्या अंगाला निमगाव कोऱ्हाळे. म्हणून तर प्रत्येक निमगावाच्या मागे शेपूट आहे, आणि आमच्या शेपटीला केवड्याचा वास आहे. पण आडनाव होताना नेमके हे शेपूटच गळून पडते. निमगाव केतकीकर असे कुणी म्हणवून घेत नाही.

एकदा मुंबईला गेलो असताना एका परिचिताकडची टेलिफोन डिरेक्टरी चाळत बसलो. जाधवांची पानेच्या पाने. निमगावकर बोटांवर मोजण्याइतके. त्यांतल्या दोघांना मी पत्रे टाकली. दोघांचीही उत्तरे आली, हा त्यांचा मोठेपणा. एक देशस्थ ब्राह्मण निघाले, मूळचे म्हाळुंगीचे. दुसरे सोनार, त्यांना आपले निमगाव नगरकडचे एवढेच ठाऊक. म्हणजे आडनाव एक असूनही जात एक नाही, कुळ एक नाही आणि गावही एक नाही. जाधव म्हटले की निदान कुळाची काही ओळख सांगता येते. 'कर' वाल्या नावात नात्याची खूण नसते, फक्त वाटेची असते. म्हणून मी पाहुण्यांना विचारतो, "तुमचे कुलदैवत कोणते? लग्नकार्यानंतर जागरणाला, ओटी भरायला कुठे जाता? पंढरपूरला, नाशिकला तुमचे उपाध्ये कोण?" उपाध्यांच्या वह्यांत पिढ्यांच्या नोंदी असतात. आडनावापेक्षा या वाटेने गेलेला माणूस लवकर घरी पोचतो.

ही रीत फक्त आपलीच असे मी बरीच वर्षे समजत होतो. इंदापूर तालुक्याच्या जमीनमोजणीचा इतिहास वाचायला घेतला आणि समजूत बदलली. पेशवाई गेल्यावर मुंबईचे गव्हर्नर झाले ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, १८१९ ते १८२७. त्यांच्यानंतर लगेच इकडच्या मुलखात जमिनीची पाहणी करून सारा ठरवायला आले ते रॉबर्ट कीथ प्रिंगल. दोघेही स्कॉटलंडच्या घराण्यांतले. आता एल्फिन्स्टन हे मुळात एडिंबरोच्या पूर्वेकडच्या एका गावाचे नाव. तिथली जमीन ज्या घराण्याकडे होती त्याचे ते आडनाव झाले. प्रिंगलचेही तसेच. जुना उच्चार होपप्रिंगल. ती स्टो नावाच्या गावाजवळची, स्कॉटलंडच्या दक्षिणेकडची जागा. 'होप' म्हणजे डोंगराच्या कुशीतली बंदिस्त खोरी. पुढे 'होप' गळाले आणि प्रिंगल राहिले, आमच्या 'केतकी'सारखेच. मराठीत सांगायचे तर हे एल्फिन्स्टनकर आणि प्रिंगलकर. फरक एवढाच की तिकडे पुष्कळदा जमिनीच्या मालकाने गावाचे नाव घेतले आणि आपल्याकडे पुष्कळदा जमीन सोडून गेलेल्याला ते मिळाले. एल्फिन्स्टन हे नाव तर गावातून निघून मुंबईच्या लोकलच्या पाटीवर जाऊन बसले होते. २०१८ साली त्या स्टेशनचे प्रभादेवी झाले, कॉलेजचे नाव मात्र टिकून आहे.

या प्रिंगलसाहेबाचा हिशेब कागदावर फार हुशारीचा होता. पिकातून खर्च वजा जाता उरते किती, ते काढायचे आणि त्यावर सारा बसवायचा. पण मोजणी सदोष झाली, खालच्या नोकरांनी हात ओले करून घेतले आणि सारा रयतेला पेलेना. इंदापूरकडची शेते पडीक पडली आणि माणसे परागंदा होऊन शेजारच्या संस्थानी मुलखात गेली. अखेर १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुका पुन्हा मोजला. १८३६ पासून हलका सारा तीस वर्षांसाठी बांधून दिला. पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात जी मोजणीची पद्धत गेली, तिचा श्रीगणेशा आमच्या तालुक्यात झाला. शेताला नंबर आणि नंबरापुढे माणसाचे नाव. जो परागंदा झाला त्याला परमुलखात लोक काय म्हणत असतील याचा तुम्हीच विचार करा. आणि जो राहिला त्याचे नाव नंबरापुढे लिहिले गेले. त्या लिहिलेल्या नावाशीच पुढे आमची गाठ पडायची होती.

माझे थोरले चुलते १९५१ साली मुंबईला गेले आणि लालबागच्या एका गिरणीत लागले. आमचे आडनाव जाधव. साचेखात्यात जाधव आधीच चार. मुकादमाने विचारले, "गाव कोणतं?" आणि हजेरीवर नाव चढले ते निमगावकर. पगार त्या नावाने, म्हणून रेशनकार्ड त्या नावाने, म्हणून मुलांची नावे शाळेत त्याच नावाने. असे कुणी ठरवून केले नाही. एखाद्या दुर्मीळ आडनावाचा उगम बघायचा तर तो बहुधा असाच असतो, एका माणसाच्या घाईत. थोरामोठ्यांच्या बाबतीतही शाळेच्या रजिस्टरचा महिमा आपण जाणतो. बाबासाहेबांच्या घराण्याचे नाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, आणि साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी नाव दाखल झाले ते आंबेडकर. दीनानाथांनी मंगेशी गावावरून मंगेशकर हे नाव घेतले. ते जगाला माहीत झाले, पण घरे मोजू लागलात तर हाताची बोटे पुरतील. आणि बेने इस्रायली ज्यू बांधवांचे पाहा. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर. १९४८ नंतर त्यांतली बहुतेक घरे इस्रायलला गेली. जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या गावांचा नकाशा आज अश्दोद, लोद आणि दिमोना या शहरांतल्या दारांवर वाचायला मिळतो. कोकणातल्या त्या गावांत मात्र ती नावे शोधावी लागतात.

तर आमचे चुलते. त्यांचा निमगावकर होणे माझ्या वडिलांना मानवले नाही. १९७८ साली चुलत बहिणीच्या लग्नाची पत्रिका आली. तिच्यावर 'निमगावकर परिवार' असे छापलेले. वडिलांनी पत्रिका उलटी ठेवली आणि म्हणाले, "ही आपल्यातली नाही." ते लग्नाला गेले नाहीत, आईला आणि मला पाठवले. दोघा भावांचे बोलणे तुटले नाही, पण तुटक झाले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लालबागची खोली हळूहळू रिकामी झाली. एक भाऊ डोंबिवलीला, एक सुरतेला यंत्रमागावर, बहीण विरारला. आमच्या या आडनावाचा पसारा तेवढाच. वडील वारले ते भावाची भेट न होता.

२००९ साली चुलते गेले. सातबाऱ्यावर त्यांच्या वाट्याची जमीन होती. थोडा पानमळा, बाकी जिरायत. मुले वारस नोंदीला आली. मृत्यूचा दाखला निमगावकर, सातबारा जाधव. तलाठी कागद परत देत म्हणाले, "हे निमगावकर कोण? या आडनावाचं आमच्याकडं खातंच नाही." त्यांचेही चुकले नव्हते. टपरीवाल्याने पाहुण्यांना जे सांगावे तेच त्यांनी दप्तर पाहून सांगितले. डोंबिवलीचा भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, मग आम्ही आहोत तरी कोण?" मास्तर म्हणून मी शंभर पाहुण्यांना उत्तरे दिली होती. त्याला काही सुचेना.

मग शोधाशोध सुरू झाली. गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात चुलत्यांचे नाव, जन्मतारीख आणि जाधव हे आडनाव सापडले. पण तो मुलगा आणि हा गिरणीकामगार एकच, हे कशावरून? तेव्हा आईला वडिलांची पत्र्याची ट्रंक आठवली. तिच्यात मनीऑर्डरींची कुपने होती, सुतळीने बांधलेली, सालवार लावलेली. पहिल्या दोन-तीन वर्षांत पाठवणाराचे नाव जाधव. नंतर निमगावकर. हस्ताक्षर तेच, चाळ तीच, खोलीचा नंबर तोच, आणि खाली संदेशाच्या जागेत 'आईच्या औषधाला' किंवा 'पाटाच्या पाण्याला' असे दोन-तीन शब्द. ज्या नावाला वडील आपले मानायला तयार नव्हते, त्या नावाची कुपने त्यांनी एकही न हरवता सांभाळली होती. शेवटचे कुपन १९८१ च्या दिवाळीचे होते.

ती कुपने, शाळेचा दाखला, गावातल्या दोन वृद्धांचे जबाब आणि प्रतिज्ञापत्र एवढे जोडल्यावर काम झाले. राजपत्रात नाव बदलून पुन्हा जाधव व्हा, असे मी मुलांना सुचवून पाहिले. सुरतवाला तयार होता. डोंबिवलीवाला म्हणाला, "दादा, बाबांना आयुष्यभर याच नावानं हाक मारली लोकांनी. ते कसं पुसू?" मी पुढे आग्रह धरला नाही. फेरफारात 'जाधव उर्फ निमगावकर' अशी नोंद झाली.

परवा पालखीच्या मुक्कामाला त्याचा मुलगा आला होता. वारकऱ्यांच्या गर्दीत टपरीवर कुणी तरी त्याला विचारले, "कोणत्या निमगावचे?" त्याने खिशातून सातबाऱ्याची घडी काढून दाखवली.