निवृत्तीनंतरचे कंत्राट : सही करण्यापूर्वी

(मोहन नगर, भिलाई येथे निवृत्त रेल्वे व टपाल कामगारांसमोर केलेले भाषण)



निवृत्त माणसाला खात्याने पुन्हा बोलावले की बरे वाटते. साहेबांनी आठवण ठेवली! पण सही करण्यापूर्वी हिशेब मांडावा, एवढेच सांगायला मी उभा आहे.

पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली देवकीनंदन प्रसाद खटल्यात आणि १९८२ साली नकारा खटल्यात बजावले. तरी कंत्राटावर घेतलेल्या पेन्शनरच्या मोबदल्यातून ती वजा होतेच. केंद्रीय अर्थ मंत्रालयाचा ९ डिसेंबर २०२० चा आदेश असा : शेवटच्या मूळ पगारातून मूळ पेन्शन वजा करून उरेल ती ठोक रक्कम. महागाई भत्ता नाही, वेतनवाढ नाही, घरभाडे नाही.

समजा, शेवटचा मूळ पगार ५०,००० होता. पेन्शन बसली २५,०००. त्यातली ४० टक्के विकली, म्हणजे दरमहा १०,००० गेले आणि हातात मूळ पेन्शन उरली १५,०००. कंत्राटात वजा किती? पुरते २५,०००! विकलेला भागही त्यात धरतात. एकरकमी पैसे मिळाले हे खरे, पण ते मुलीच्या लग्नात नाहीतर घरात केव्हाच गेलेले असतात. ग्रामीण डाकसेवकाचे तर बोलायलाच नको. पासष्टाव्या वर्षी तो घरी जातो, सरकारी पेन्शनशिवाय. त्याच्याकडे वजा करायलाच काही नाही.

खासगी नोकरी धरली तर पेन्शन बंद होते, ही अफवा आहे. निवृत्तीनंतर वर्षभराच्या आत खासगी नोकरीसाठी सरकारची परवानगी लागते ती गट 'अ' अधिकाऱ्यांना. ट्रॅकमन, पोस्टमन यांना नाही. रखवालीच्या कामावर ठेकेदार म्हणतो, "तुम्हाला पेन्शन आहे, कमी घ्या." हे बेकायदेशीर आहे. किमान वेतनाला वयाची वरची मर्यादा १९४८ च्या कायद्यात नव्हती, २०१९ च्या वेतन संहितेतही नाही.

आता नाजूक गोष्ट. ऑक्टोबर २०१७ मध्ये रेल्वे बोर्डाने निवृत्तांना रिकाम्या जागांवर घेण्याचे अधिकार विभागीय व्यवस्थापकांना दिले. त्या जागांची वाट आपलीच मुले पाहतात. घरात आजारपण असलेला माणूस कामावर जाणारच, त्याला मी दोष देत नाही. पण कंत्राटाला मुदतवाढ मिळत राहिली की कायम भरती लांबते, आणि तिथे युनियनने गप्प बसू नये.

ज्यांच्या हातात नेमणुकीचा कागद आला आहे, त्यांनी सभा संपल्यावर तो आणि पेन्शनचा आदेश घेऊन थांबावे. एकेकाचा हिशेब इथेच करू.