आपला होल्डिंग पाँड आणि त्यावरचे पक्षी

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात सोसायटीच्या एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचविशीनिमित्त पक्ष्यांवर काहीतरी बोला, असं कमिटीने मला सांगितलं. मी काही पक्षीतज्ज्ञ नाही. सकाळी पाँडभोवती फेऱ्या मारणाऱ्यांपैकीच एक आहे, फक्त माझ्या गळ्यात दुर्बीण असते. म्हणून लांबच्या अभयारण्यांबद्दल न बोलता आपल्या मागच्या गेटबाहेरच्या होल्डिंग पाँडबद्दलच बोलतो.

आपल्याकडे नवीन राहायला आलेली मंडळी त्याला 'लेक' म्हणतात. फ्लॅटच्या जाहिरातीत तर 'लेक व्ह्यू' असतंच. पण हा शोभेसाठी केलेला तलाव नाही. नेरुळ, वाशी, बेलापूर या भागातली खाडीलगतची बरीच जमीन पूर्वी मिठागरांची आणि खाजणाची होती आणि मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा ती खाली आहे. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि नवीन शहर उभं राहू लागलं, तेव्हा सगळीकडे उंच भराव घालणं परवडणारं नव्हतं. मग हॉलंडसारखी पद्धत घेतली. खाडीच्या बाजूला बांध, आत खोलगट तलाव आणि तोंडाशी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने झडप बंद होते. त्या वेळी शहरात पडणारं पावसाचं पाणी नाल्यांतून येऊन पाँडमध्ये थांबतं. ओहोटी लागली की झडप उघडते आणि साठलेलं पाणी खाडीत जातं. पंप नाही, वीज नाही. चंद्र चालवतो ते यंत्र आहे हे!

याचं महत्त्व कळायला एक साधं गणित करू. एक हेक्टर जागेवर 100 मिलिमीटर पाऊस पडला की 10 लाख लिटर पाणी होतं. म्हणजे आपण उन्हाळ्यात मागवतो तसे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. हे फक्त एका हेक्टरचं झालं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. असा पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली, तर पाण्याला थांबायला जागा हवी. नाहीतर ते तळमजल्याच्या सभासदांकडे येतं.

आता पक्षी. मुलांनो, पक्षी बघायला महागडा कॅमेरा लागत नाही. लागतं ते भिंतीवरचं कॅलेंडर. त्यात तिथी बघा. आपल्या कोळी बांधवांचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. खाडीत आतपर्यंत पाणी यायला आणखी थोडा वेळ धरा. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे फिरायला निघालात तर ओहोटी असते, पाँडमधला चिखल उघडा पडलेला दिसतो आणि जेवणावळ बसलेली असते. अष्टमीला त्याच वेळी गेलात तर सगळीकडे पाणी, आणि मंडळी बांधावर पंख मिटून विश्रांती घेताना दिसतात.

पंगतीतली प्रत्येकाची जागा ठरलेली असते. खोल पाण्यात पाणकावळा आणि टिबुकली. ही दोघं बुडी मारून मासे पकडतात, त्यांना खोली लागते. गुडघाभर पाण्यात बगळे. त्याहून उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या. ओल्या चिखलात शेपटी वरखाली करत फिरणारी तुतारी आणि धोबी, हे दोघं हिवाळी पाहुणे. काठाच्या झुडपांत लाजरी पाणकोंबडी. खारफुटीच्या फांदीवर खंड्या. आणि काठावर ज्याला आपण दगड समजतो आणि जवळ गेल्यावर जो पांढरे पंख उघडून उडतो, तो वंचक. फ्लेमिंगो आपल्याकडे रोज येत नाहीत, म्हणून हिरमुसू नका. त्यांचं मोठं घर ठाणे खाडी. 2015 मध्ये ते अभयारण्य झालं आणि 2022 मध्ये रामसर स्थळ. आपण त्या घराच्या ओसरीत राहतो असं समजा.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो. ती थोडी अवघड आहे.

वरच्या सगळ्या पक्ष्यांपैकी शेकाट्या ही आपली फूटपट्टी आहे. त्याचा पाय साधारण वीतभर. तो चालतोय म्हणजे पाणी वीतभराच्या आतच आहे. पूर्वी नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात पाणकावळे बुड्या मारायचे. आज तिथे शेकाटे चालतात. फोटो काढायला छान दिसतं. पण त्याचा अर्थ असा, की तो कोपरा गाळाने भरलाय. झडपा नीट बसत नाहीत, भरतीचं खारं पाणी गाळ घेऊन आत येतं आणि मग गाळावर खारफुटी रुजते. एक हेक्टरभर जागेत फूटभर गाळ साचला की साधारण तीनशे टँकर पाण्याची जागा गेली. म्हणजे ज्या चिखलामुळे आपल्याकडे पक्षी वाढले, त्याच चिखलाने पाऊस साठवायची जागा खाल्ली.

म्हणूनच दरवर्षी सर्वसाधारण सभेत आपली जुंपते. तळमजल्यावरचे म्हणतात, 'सगळं उपसून काढा, डास पण जातील.' आम्ही दुर्बीणवाले म्हणतो, 'हात लावू नका.' मला वाटतं दोन्ही बाजूंचं अर्धं-अर्धं बरोबर आहे. ज्यांच्या घरात पाणी शिरतं त्यांना पक्ष्यांचं कौतुक ऐकवणं बरं नाही. आणि पाँड बुजवून तिथे पार्किंग करा म्हणणाऱ्यांनी पाणी कुठे जाईल ते आधी सांगावं.

खारफुटी आपल्या मर्जीने तोडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार सार्वजनिक हिताच्या कामालाही न्यायालयाची परवानगी लागते. त्यात वेळ जातो. पण झडपांची दुरुस्ती, नाल्याच्या तोंडावरची जाळी आणि जिथे खारफुटी नाही अशा मधल्या भागातला गाळ, ही मागणी आपण दोन्ही गट मिळून करू शकतो. काम पावसाआधी, उन्हाळ्यात व्हावं, कारण तोवर हिवाळी पाहुणे बहुतेक परत गेलेले असतात आणि पाणकोंबडीची घरटी पावसाळ्यात असतात. काम टप्प्याटप्प्याने व्हावं. एक भाग उपसताना दुसरा शांत राहावा. काठ सिमेंटने बांधू नये, उतरता मातीचा ठेवावा. मध्ये खोली, काठाला उथळ पाणी, असं असलं तर पाऊसही मावेल आणि पंगतही बसेल.

यासाठी माझी एकच सूचना आहे. वॉचमनच्या केबिनमध्ये एक वही ठेवू या. तारीख, तिथी, पाणी किती, कुठल्या कोपऱ्यात कोणता पक्षी. नाव येत नसेल तर रंग आणि पायाची उंची लिहा. 5 ते 12 नोव्हेंबर आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसांच्या निमित्ताने. तेव्हापासून सुरुवात करू. पाणकावळा कुठून सरकला, शेकाट्या कुठे पोचला, हे तीन-चार वर्षं लिहिलं की पाँड कुठे किती भरत चाललाय ते आपल्याच अक्षरात दिसेल. मग अर्ज करताना 'गाळ फार झाला हो' एवढंच म्हणावं लागणार नाही, वहीची झेरॉक्स जोडता येईल.

आणि जाता जाता नेहमीची विनंती. निर्माल्याच्या पिशव्या पाण्यात टाकू नका, झडप अडकते. पाव आणि फरसाण टाकू नका. पक्ष्यांना आपल्या फराळाची गरज नाही, गाळातले किडे त्यांना पुरतात.

सोसायटीच्या पन्नाशीला माझी जागा पुढच्या रांगेतल्या या मुलांपैकी कोणीतरी घेईल. त्या वेळी त्यांच्या हातात ती वही असावी आणि नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात पाणकावळा पुन्हा बुडी मारताना त्यांना दिसावा, एवढीच इच्छा व्यक्त करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.