आईचे आजारपण

(मंडळाच्या महिला शाखेने दिल्लीत योजिलेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकू समारंभात एका डॉक्टर भगिनीने दिलेले व्याख्यान)



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला डॉक्टरला बोलावून आजारपणावर बोलायला सांगावे, हे प्रथमदर्शनी थोडे विसंगत वाटेल. पण दिल्लीची संक्रांत म्हणजे ऐन कडाक्याच्या थंडीचे दिवस. मघापासून तिळगूळ घेता घेता ह्या सभागृहात किती जणींना खोकल्याची ढास लागली, ते मी ऐकते आहे. तेव्हा विषय अगदीच अस्थानी नसावा. सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने नाटके, गायनाच्या बैठका आणि स्नेहसंमेलने योजली आहेत. त्यांत घटकाभर वेळ घरातल्या आईच्या प्रकृतीसाठी राखून ठेवला, ह्याबद्दल चालकांचे मी मनापासून आभार मानते.

माझा मुद्दा एकच आहे आणि तो आरंभीच सांगून टाकते. घरात मूल आजारी पडले तर त्याला आजारपण म्हणतात, पतिराज आजारी पडले तर कचेरीत रजेचा अर्ज जातो, आणि आई आजारी पडली तर ‘जरा कणकण आहे’ एवढ्यावर विषय संपतो. हे तिचे ती स्वतःच म्हणते. हिवाळ्यातल्या सर्दी-तापाने आपल्या भगिनींचे जे नुकसान होते, त्यात विषाणूचा वाटा आहेच. पण ह्या वृत्तीचा वाटाही काही कमी नाही.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊ. ‘थंडी बाधली’ असे आपण म्हणतो. परंतु थंडी स्वतः सर्दी निर्माण करीत नाही, विषाणू करतात. साध्या सर्दीचे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत. एकाशी झुंज संपते न संपते तोच दुसरा दाराशी उभा राहतो, म्हणूनच सर्दी जन्मभर पुनःपुन्हा होत राहते. इन्फ्लुएन्झा, म्हणजे आपला फ्ल्यू, हा वेगळा रोग आहे. त्याचा विषाणू 1933 साली लंडनमधील संशोधकांनी रुग्णांपासून वेगळा करून दाखविला. सर्दी हळूहळू चढते. नाक, घसा, शिंका एवढ्यावर भागते. फ्ल्यू एकाएकी गाठतो. सकाळी हिंडतीफिरती असलेली बाई संध्याकाळी हुडहुडी, कडक ताप, डोकेदुखी आणि मोडून आलेले अंग घेऊन अंथरुणाला खिळते. ताप बहुधा तीन-चार दिवसांत उतरतो. खोकला आणि थकवा मात्र दोन आठवडे किंवा अधिकही रेंगाळतो.

मग हिवाळ्यातच ह्यांचे एवढे का फावते? थंडीत आपण दारे-खिडक्या लावून एका खोलीत दाटीने बसतो, कोरड्या थंड हवेत विषाणू अधिक काळ तग धरतात आणि नाकातील नाजूक अस्तरही कोरडे पडते. आपल्या देशात फ्ल्यूला दोन भरत्या येतात : एक जानेवारी ते मार्च ह्या काळात आणि दुसरी पावसाळ्यात व त्याच्या शेवटी. म्हणजे स्वेटर पेटीत ठेवले की धोका टळला, असेही समजू नये.

हा रोग किती उग्र होऊ शकतो, हे आपल्या आजी-पणजींच्या पिढीने पाहिले आहे. 1918 सालच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला उन्हाळा संपता संपता मुंबईत आरंभ झाला, आणि त्या वर्षीच्या शरद ऋतूत तिने देशभर थैमान घातले. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे त्या साथीत दगावली. त्यातील एक गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. वीस ते चाळीस वयाची माणसे अधिक गेली आणि त्यांतही पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. घरातल्या सर्वांची शुश्रूषा करायची ती तिने, उरलेसुरले खायचे ते तिने आणि स्वतः पडली की उठून पाणी द्यायला कोणी नाही, ही त्यामागची कारणे अभ्यासकांनी दिली आहेत. आज लस आहे, औषधे आहेत, रुग्णालये आहेत. परंतु ती तीन कारणे आपल्या घरांतून पुरती हद्दपार झाली आहेत, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगेल काय?

आता प्रत्यक्ष घरात येऊ. विषाणू शाळेतून घरी येतो तो मुलाच्या नाकातून, आणि आईपर्यंत पोहोचतो तो दोन अगदी घरगुती वाटांनी. पहिली वाट म्हणजे आपला पदर. मुलाचे नाक पुसले ते पदराने, हात पुसले त्याच पदराने, गरम पातेले उतरविले तेही त्यानेच, आणि कपाळावरचा, ओठांवरचा घामही त्यानेच टिपला. आईचा पदर हे वात्सल्याचे प्रतीक आहे हे मला मान्य आहे. पण सर्दीच्या दिवसांत त्याला ह्या कामातून सुट्टी द्यावी. जुन्या सुती साडीचे लहान लहान तुकडे करावेत, एक वापरला की डब्यात टाकावा आणि संध्याकाळी सगळे साबणाच्या गरम पाण्यात धुवावेत. ज्या भगिनी सलवार-कमीज वापरतात, त्यांनी ओढणीच्या बाबतीत हेच समजावे. दुसरी वाट म्हणजे उष्टे. मुलाने अर्धा पेला दूध टाकले, ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून आईने ते संपविले. अन्नाची नासाडी नको, हे संस्कार योग्यच आहेत. पण मूल आजारी असताना त्याला वाढायचेच थोडे आणि उरलेले पोटात न घालता टाकून द्यायचे, एवढे मन घट्ट करावे.

हात धुण्याविषयी तर 2020 सालच्या कोरोनाच्या साथीत आपण इतके ऐकले की कान किटले. पण साथ ओसरली तशी ती सवयही ओसरली. साबण लावून वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांसकट : मुलाचे नाक पुसल्यावर, बाहेरून आल्यावर, स्वयंपाकाला लागण्यापूर्वी. नळाचे पाणी बर्फासारखे असते म्हणून आपण नुसती बोटे ओली करून हात आखडता घेतो; त्यासाठी सकाळी एका तपेलीत पाणी कोमट करून ठेवावे. न धुतलेला हात डोळ्यांना, नाकाला लावू नये. खोली तासातासाने थोडी उघडून हवा खेळू द्यावी.

ह्याच संदर्भात येथील थंडीविषयी एक गंभीर सूचना. कोळशाची अंगीठी पेटवून बंद खोलीत झोपू नका, आणि कामाला येणाऱ्या बायांनाही झोपू देऊ नका. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस त्याने जागाच होत नाही. दर हिवाळ्यात उत्तर भारतात अशा दुर्घटनांच्या बातम्या येतात. बाहेर धुक्यात धूर मिसळलेला असतो, त्या दिवशी पहाटेचे फिरणे टाळून ऊन वर आल्यावर बाहेर पडावे.

प्रतिकारशक्ती ही बाटलीत मिळत नाही. तिची मुळे झोपेत आणि ताटात आहेत. 2015 साली अमेरिकेतील संशोधकांनी निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू मुद्दाम सोडून पाहिले. रात्री सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपट आढळली. पहाटे पाचला डबे करणारी आणि रात्री बाराला ओटा पुसणारी आई त्या पहिल्या गटात बसते, हे वेगळे सांगायला नको. ओटा एखादे दिवशी सकाळी पुसला तर काही बिघडत नाही.

ताटाची गोष्ट त्याहून महत्त्वाची. 2019 ते 2021 ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा शरीराला साधा तापही जड जातो. येथला हिवाळा ह्या बाबतीत मोठा उदार आहे. ज्याला येथे बथुआ म्हणतात तो आपला चाकवतच. पालक, मेथी, मोहरीचा पाला ढिगांनी मिळतो. आवळे आणि पेरू स्वस्त असतात. पालेभाजी, उसळ, गूळ-दाणे, तिळाचा लाडू हे सर्व आईच्या पानातही पडले पाहिजे, केवळ मुलांच्या डब्यात नव्हे. पालेभाजीवर लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, त्याने ते कमी लागते. केवळ गूळ खाऊन मात्र रक्तक्षय भरून निघत नाही. सतत थकवा आणि धाप असेल तर रक्त तपासून घ्यावे आणि सांगितल्या तर लोहाच्या गोळ्या पुऱ्या मुदतीपर्यंत घ्याव्यात.

फ्ल्यूची लस दर वर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू आपले रूप पालटीत राहतो. टोचल्यानंतर संरक्षण तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. गर्भवती स्त्रिया, दमा वा मधुमेह असलेल्या भगिनी आणि घरात वृद्ध माणसे असलेल्या सर्वांनी आपल्या डॉक्टरांशी ह्याविषयी अवश्य बोलावे. सहा महिन्यांखालील अर्भकाला ही लस देता येत नाही. गरोदरपणी आईने ती घेतली तर जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळालाही तिचे पाठबळ मिळते.

एवढे करूनही आजार आलाच तर काय करावे? पहिले औषध म्हणजे विश्रांती. भाताची पेज, मुगाचे कढण, कुळथाचे पिठले, आल्याचा चहा हे आपल्या आज्यांचे उपाय घशाला आराम देतात आणि पोटात पाणी जाते; ते जरूर घ्यावेत. त्यांनी विषाणू मरत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. वाफारा घेताना उकळत्या पाण्याजवळ मूल येऊ देऊ नये. भाजल्याचे प्रकार असेच घडतात. तापाला पॅरासिटामॉल चालते. पण सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांतही तेच असते, म्हणून दोन्ही एकदम घेऊ नयेत. मुलांना अशा तापात अ‍ॅस्पिरिन कदापि देऊ नये. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक कॅप्सूल आपल्या मनाने गिळू नयेत. विषाणूवर त्यांचा काडीचाही परिणाम होत नाही. फ्ल्यूवरील खास औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू केल्यास अधिक गुण देते. म्हणून गर्भवती, नुकत्याच बाळंत झालेल्या आणि जुने दुखणे असलेल्या भगिनींनी वाट पाहत बसू नये. अंगावर पिणारे मूल असेल तर पाजणे थांबवू नका. फ्ल्यू दुधातून जात नाही, श्वासातून जातो. तोंडाला मास्क बांधावा, हात धुवावेत आणि पाजावे.

दर हिवाळ्यात दवाखान्यात दिसणारे एक चित्र सांगते. ताप चौथ्या दिवशी उतरतो, बाई लगेच कामाला जुंपून घेते, दोन दिवस बरे जातात आणि मग ताप पुन्हा चढतो, खोकल्याबरोबर धाप लागते, छातीत दुखते. हा न्यूमोनिया असू शकतो. उतरलेला ताप परत येणे, धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे, ह्यांपैकी एकही लक्षण दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ‘पाहुणे गेले की जाऊ’ असे म्हणू नये.

‘विश्रांती घ्या’ असे सांगणे सोपे आहे. गावाकडे सासूबाई असतात, जाऊबाई असतात, शेजारची काकू भाकरी टाकून देते. येथे परमुलखात आपली मंडळी कोण? पती दौऱ्यावर, मुले लहान, आणि नागपूर-पुण्याहून आई येईतो आजार संपलेला असतो. म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली घरासाठी : दहा वर्षांच्या पुढच्या प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, कुकरमध्ये वरणभात लावता आला पाहिजे, आणि पतिराजांनाही. हे आजारपणात शिकवता येत नाही, आधीच शिकवावे लागते. दुसरी सूचना मंडळासाठी. पन्नास वर्षे आपण गणपतीचा प्रसाद एकत्र रांधला. आता महिला शाखेने वस्तीवार चार-चार, पाच-पाच घरांचे गट करावेत आणि एखाद्या घरची आई तापाने पडली की तीन दिवस दोन्ही वेळचा डबा इतर घरांनी पाळीपाळीने पोहोचवावा. डबा दाराशी ठेवावा, गप्पांना बसू नये. त्याला निधी लागत नाही, घटनादुरुस्ती लागत नाही. फक्त एक यादी लागते आणि आजारी बाईने ‘मला बरे नाही’ असे कळविण्याचा संकोच सोडावा लागतो. ही दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे, हे मी जाणून आहे.

अध्यक्षबाईंनी अनुमती दिली तर यादीसाठी कागद आत्ताच फिरवावा, अशी विनंती करते. माझे नाव त्यावर पहिले लिहिले आहे.