जामीनदार मागे सरला तर?



अमेरिका आणि युरोप यांचं बिनसल्याच्या बातम्या हल्ली कानावर येतात. लांबचं भांडण, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून आपण सोडून देतो. पण या भांडणाच्या मुळाशी जी गोष्ट आहे, ती बचत गटातल्या बाईला चटकन कळेल. ती गोष्ट म्हणजे जामीन.

आपल्या गटाला बँक कर्ज देते तेव्हा दागिने किंवा सातबारा मागत नाही. दहा-बारा जणी एकमेकींच्या पाठीशी उभ्या आहेत, हीच तिची हमी. १९४९ साली अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या देशांनी मिळून, एकूण १२ जणांनी, असाच एक गट केला. त्याचं नाव नाटो. कराराच्या पाचव्या कलमात लिहिलं, एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. आज या गटात ३२ देश आहेत.

पण गटातले सगळे सारखे नव्हते. महायुद्धाने युरोप खचला होता आणि अमेरिका श्रीमंत होती, बलवान होती. म्हणजे खरा जामीनदार एकच. त्याच्या भरवशावर युरोपातल्या बऱ्याच देशांनी, विशेषतः १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडल्यावर, सैन्यावरचा खर्च कमी केला. पैसा शाळा, दवाखाने, पेन्शन यांच्यासाठी मोकळा झाला. ‘आम्हीच किती भरायचं?’ ही अमेरिकेची तक्रार जुनी आहे, आणि ती खोटी नव्हती. देशाच्या उत्पन्नाच्या २ टक्के संरक्षणावर खर्च करायचे, असं २०१४ मध्ये सगळ्यांनी ठरवलं, तरी अनेक देश कितीतरी वर्षं तिथवर पोचले नाहीत.

आता एकाच देशाकडे बघू. डेन्मार्क. लोकसंख्या साधारण ६० लाख, आपल्या मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. ते पाचवं कलम आजवर एकदाच वापरलं गेलं, आणि तेही अमेरिकेसाठी, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर. तेव्हा डेन्मार्कची मुलं अफगाणिस्तानात लढायला गेली. त्यातली ४० हून जास्त परत आली नाहीत. एवढ्याशा देशाने जामिनाचा आपला वाटा असा भरला.

याच डेन्मार्कच्या राज्यात ग्रीनलँड नावाचं प्रचंड मोठं, बर्फाने झाकलेलं बेट आहे. माणसं जेमतेम ५७ हजार, आणि त्यांचं स्वतःचं सरकार आहे. १९५१ च्या करारानुसार अमेरिकेचा लष्करी तळ तिथे आहेच. त्या तळापायी १९५३ मध्ये तिथल्या शिकारी कुटुंबांना आपलं गाव सोडून दूर उत्तरेला जावं लागलं. २०१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी हे बेट विकत घेण्याची भाषा केली. जानेवारी २०२५ मध्ये, लष्करी बळ वापरणार नाही असं सांगाल का, असं विचारल्यावर त्यांनी तशी हमी द्यायला नकार दिला. जानेवारी २०२६ मध्ये तर डेन्मार्कसह आठ युरोपीय देशांवर जादा आयातकर लावण्याची धमकी दिली, आणि काही दिवसांतच ती मागे घेतली.

धमकी मागे घेतली, म्हणून काही सगळं पहिल्यासारखं झालं नाही. करार तोच आहे, त्यातलं अक्षरही बदललेलं नाही. पण जामीन कागदावर चालत नाही, शब्दावर चालतो. वेळ आली तर हा माणूस उभा राहील का, अशी शंका एकदा मनात आली की झोप उडते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने युक्रेनची लष्करी मदत आणि गुप्त माहिती काही दिवस थांबवली, तेव्हा ही शंका सगळ्या युरोपात पसरली.

मग युरोपने काय केलं? संरक्षणासाठी ८०० अब्ज युरोपर्यंत पैसा उभा करण्याची योजना पुढे आली. कर्ज काढायला नेहमी का-कू करणाऱ्या जर्मनीने त्यासाठी राज्यघटना बदलली. जून २०२५ मध्ये नाटोने २ टक्क्यांचं लक्ष्य वाढवून २०३५ पर्यंत ५ टक्के केलं.

पण वर्षानुवर्षांची सवय पैसे टाकून लगेच सुटत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये डेन्मार्कने हवाई संरक्षणाची मोठी यंत्रणा अमेरिकेची न घेता फ्रान्स-इटलीची निवडली. पुढच्याच महिन्यात मात्र आणखी १६ लढाऊ विमानं अमेरिकेकडूनच घ्यायचं ठरवलं. कारण आधीची विमानं तीच, वैमानिक तयार झालेले त्यावरच. गॅसचंही तसंच. युक्रेनवर हल्ला झाल्यावर युरोपने रशियाचा गॅस कमी केला, आणि जहाजाने येणारा द्रवरूप गॅस सगळ्यात जास्त घेऊ लागला तो अमेरिकेकडून. एका सावकाराचं फेडायला दुसऱ्याकडून उचल घेतल्यासारखं ते झालं.

आणि आता आपल्या कामाचा प्रश्न. स्वतःच्या पायावर उभं राहण्याची किंमत कोण देतं?

डेन्मार्कमध्ये तीनशेहून जास्त वर्षं चालत आलेली प्रार्थना दिवसाची सुट्टी होती. संरक्षणाला पैसा हवा म्हणून २०२४ पासून सरकारने ती रद्द केली. हजारो लोक रस्त्यावर आले, लाखो सह्या गोळा झाल्या, तरी ती गेलीच. जुलै २०२५ पासून १८ वर्षांच्या होणाऱ्या मुलींचीही नावं सक्तीच्या लष्करी सेवेच्या सोडतीत आली. सेवेचा काळही चार महिन्यांवरून अकरा महिने करायचं ठरलं. शेजारच्या ब्रिटनने सैन्याचा खर्च वाढवायला गरीब देशांची मदत कमी करायचं ठरवलं. ती मदत ज्या दवाखान्यांना, ज्या शाळांना जात होती, त्यांना या भांडणात कोणी विचारलंही नव्हतं.

मुलींनी सैन्यात जाऊ नये, असं मी म्हणत नाही. बरोबरीचा हक्क मागायचा तर बरोबरीचा भार आलाच. पण भार उचलणाऱ्याला आधी विचारायला हवं. डेन्मार्कनेच ते करूनही दाखवलंय. युरोपच्या सामायिक संरक्षणात आपण जायचं का, हे जून २०२२ मध्ये त्यांनी सार्वमताने ठरवलं, आणि तीनातल्या दोघांनी हो म्हटलं. तो निर्णय लोकांचा झाला. सुट्टीचा निर्णय मात्र लोकांना आजही आपला वाटत नाही. दोन्ही निर्णय संरक्षणाचेच, फरक फक्त विचारण्याचा.

जामीनदार असणं वाईट नाही. आपण सगळ्या एकमेकींच्या जामीनदार आहोतच. पण सगळा भार एकाच्याच खांद्यावर असला, तर त्याचा मूड हाच आपला कायदा होतो. तो मागे सरल्यावर घाईने धावाधाव करण्यापेक्षा, संबंध चांगले असतानाच थोडं थोडं आपलं उभं करावं. मोबाइलवरून पैसे पाठवताना आपण जे यूपीआय वापरतो, ते आपल्याकडे २०१६ मध्ये सुरू झालं. युरोपात मात्र कार्डाने होणाऱ्या व्यवहारांचा मोठा भाग आजही अमेरिकन कंपन्यांच्या जाळ्यातून जातो.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. आपल्या पापड-मसाल्याचा व्यापारी एकच आहे का? हिशोब लिहिणारी एकटीच आहे का? ती नसली तर काय, आणि दुसरी तयार करायचा खर्च कोण सोसणार? सगळ्यांसमोर बोला, सगळ्यांना विचारून ठरवा, आणि ठराव वहीत लिहा.

भेटू पुन्हा. नमस्कार.