हुकूम कोणाचाच नाही

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर ‘जिवाणूंमधील जनुकनियंत्रण’ असं छापलंय. त्यातल्या ‘नियंत्रण’ या शब्दाशीच माझं भांडण आहे. डीएनएवरून आरएनए, त्यावरून प्रथिन, हे दहावीच्या मुलांनाही पाठ असतं, त्यामुळे तिथे थांबत नाही.

ई. कोलाय घ्या, आपल्याच आतड्यात राहणारा जिवाणू. प्रयोगशाळेत ३० अंशांवर सुखाने वाढतोय आणि त्याला एकदम ४२ अंशांवर नेला. अंड्यातला पांढरा बलक तव्यावर पडताच कसा घट्ट होतो? तो परत पातळ होत नाही. उष्णतेने प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि ती एकमेकांना चिकटतात. पेशीत हे वाढत गेलं तर मरणच. पण पाचेक मिनिटांत घड्या सावरणारी प्रथिनं धडाक्याने तयार होऊ लागतात, अनेक जनुकं एकदम जागी होतात. कोणी सांगितलं त्यांना?

(पहिल्या रांगेतून : “वरून पत्र आल्याशिवाय फाईल हलते का, सर?” हशा.)

हसा, पण प्रश्न हाच आहे. मी एम.एस्सी.ला होतो तेव्हा आम्ही दोन नळ्या घेतल्या. एक ३० अंशांवरच ठेवली, दुसरी पाण्याच्या टाकीत ४२ अंशांवर पंधरा मिनिटं. मग दोन्ही पन्नासच्या वर नेल्या आणि पेट्री डिशवर पसरल्या. रात्री वसतिगृहावर झोप आली नाही. सकाळी सहाला शिपायाकडून किल्ली घेतली, उबवणपेटी उघडली. पहिल्या डिशवर तुरळक ठिपके होते. दुसरी अशी भरलेली, की मोजायला बसलो आणि अर्ध्यावर सोडलं. आधी थोडी झळ सोसलेले जगले होते. त्या डिशचा वास अजून नाकात आहे. तेव्हापासून मी विचारतोय, की ही तयारी करवली कोणी?

जनुक कुठून वाचायचं हे सिग्मा नावाचं प्रथिन दाखवतं. ई. कोलायकडे असे सात सिग्मा आहेत. उष्णतेच्या वेळचा सिग्मा-३२. तो सिग्मा आहे हे १९८४ मध्ये कॅरल ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. तुम्ही म्हणाल, मग हाच साहेब! नाही. ३० अंशांवर याचं अर्धायुष्य जेमतेम मिनिटभराचं. त्याला धरून ठेवतात डीएनए-के आणि त्याचे सोबती, आणि एफटीएसएच नावाचं प्रथिन त्याचे तुकडे करतं. हे डीएनए-के म्हणजे घड्या सावरणाऱ्यांपैकीच एक. उष्णता वाढली, बिघडलेली प्रथिनं साचली, की डीएनए-के तिकडे धावतं. सिग्मा सुटतो आणि टिकतो. बिघाड किती, याची खबर कामाच्या ओझ्यातूनच मिळते. निरोप्या वेगळा लागत नाही.

आणखी एक गंमत. सिग्मा-३२चा आरएनए थंडीत असा दुमडलेला असतो, की प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमला बसायला जागाच नसते. ऊब लागली की घडी सैल होते. तो आरएनए स्वतःच तापमापक आहे.

कोणी म्हणेल, हे सारं जनुकात लिहिलेलंच आहे, म्हणजे हुकूम तिथलाच. मला हे मान्य नाही. जनुकात भांडी लिहिली आहेत. आज कोणतं भांडं चुलीवर चढेल, हे तिथे लिहिलेलं नाही.

(घंटा.) दोन मिनिटं द्या, साहेब. उपासमारीचं सांगायचं राहिलं! अमिनो आम्लं संपली की ती वाहून आणणारा टीआरएनए रिकामाच रायबोसोमवर येऊन बसतो. रेलए नावाचं प्रथिन तो ओळखतं आणि पीपीजीपीपी नावाचा रेणू बनवतं. नवी रायबोसोम बांधणं थांबतं. मायकेल कॅशेल आणि जोनाथन गॅलंट यांनी १९६९ मध्ये प्रयोगात या पीपीजीपीपीचा ठिपका पाहिला. इथेही रिकामा टीआरएनएच बातमी देतो. त्यावर एक संध्याकाळ लागेल.

आणि उष्णतेच्या वेळी सुरू झालेलं ते काम थांबवतं कोण? घड्या सावरल्या, डीएनए-के मोकळं झालं, की ते पुन्हा सिग्माला धरतं. दोन्ही डिशचे फोटो बाहेर टेबलावर आहेत. भरलेली डिश आधी पाहा.