सॅक भरली आणि बाहेर पडलो

 

आज बचत आणि कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलणार नाही. आज एका रात्रीची गोष्ट सांगणार आहोत.

पाठीवर सॅक टाकून या शहरातून त्या शहरात फिरणाऱ्या पोरी आपण टीव्हीवर बघतो. मागच्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या सहा जणी तशाच फिरलो. फरक एवढाच, की आमच्या पाठीवरच्या सॅक पोरांच्या शाळेच्या होत्या. एकीच्या सॅकवर तर कार्टूनचं अस्वल होतं!

मुंबईत आमचा चटणी-पापडाचा स्टॉल होता. मुक्काम दादरला, एका हॉलमध्ये. आठवडाभर स्टॉल ते हॉल, हॉल ते स्टॉल. मुंबईत राहूनही मुंबई पाहिली नव्हती. शेवटच्या दिवशी माल दुपारीच संपला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या तपोवन एक्सप्रेसने नाशिकला जायचं होतं, तिथं दुसरा स्टॉल होता. मध्ये उरली एक रात्र.

मावशी म्हणाल्या, "समुद्र बघायचाय. साठी आली माझी, परत कधी येणार?"

आणि आम्ही काय म्हणालो? "नको. रात्रीचं कुठं जाता? काही झालं तर जबाबदारी आमच्यावर."

बोलून गेलो आणि आमचं आम्हालाच वाईट वाटलं. हेच वाक्य ऐकत आम्ही मोठ्या झालो. बैठकीत त्याच वाक्याविरुद्ध बोलतो. आणि वेळ आली तेव्हा आमच्याच तोंडून ते निघालं. मग ठरवलं, जायचं, पण नीट ठरवून जायचं.

आधी सहाही सॅक भरल्या. सकाळचे कपडे वर आणि तिकिटं वेगळ्या कप्प्यात. विक्रीची रोकड दुपारीच गटाच्या खात्यात भरली होती. फिरायला गटाच्या पैशाला हात लावायचा नाही, प्रत्येकीने स्वतःचे शंभर-दीडशे रुपये घ्यायचे, तेही दोन जागी ठेवायचे. प्रत्येकीजवळ एक चिठ्ठी. चिठ्ठीवर हॉलचा पत्ता, दोघींचे फोन नंबर आणि मदतीचे नंबर लिहिले. पोलिसांसाठी ११२, महिला हेल्पलाईन १८१ आणि रेल्वेसाठी १३९. मोबाईल बंद पडतो, चिठ्ठी बंद पडत नाही. शेवटचा नियम असा, की चुकामूक झाली तर मागे राहिलेलीने जागा सोडायची नाही. पुढे गेलेल्यांनी परत यायचं.

निघताना वहिनींना घरून फोन आला. त्या आमच्यात सगळ्यांत अबोल. पलीकडून मालकांचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "रात्रीचं बाहेर? काही गरज नाही. आणि नाशिक-बिशिक राहू दे, उद्या सरळ घरी ये."

फोन ठेवल्यावर एक जण म्हणाली, "परत आला तर झोपलोय म्हणून सांगा." वहिनी गप्प बसल्या. मग त्यांनीच फोन लावला आणि म्हणाल्या, "आम्ही सहा जणी समुद्रावर जातोय. दहाच्या आत येऊ. आल्यावर फोन करते. आणि नाशिकला मी जाणार आहे, माझ्या नावचा माल आहे तिथं." पलीकडून फोन कट झाला. वहिनींनी चप्पल घातली.

दादरहून लोकलने चर्चगेटला उतरलो. तिथून पाच-सात मिनिटं चालल्यावर मरीन ड्राइव्ह. एका बाजूला काळा समुद्र, दुसऱ्या बाजूला गोलाकार गॅलऱ्यांच्या जुन्या इमारती. त्यांतल्या कितीतरी २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. दिव्यांची रांग समुद्राच्या वळणाबरोबर वळत जाते, म्हणून तिला राणीचा रत्नहार म्हणतात. मावशी म्हणाल्या, "राणीला एवढे दिवे, आन् आपल्या वस्तीवर एक खांब पेटंना!" कठड्यावर बसून हसलो. रमतगमत गिरगाव चौपाटीपर्यंत गेलो, भेळ खाल्ली. कुणी घड्याळ दाखवलं नाही, कुणी चहा मागितला नाही.

परतताना चर्नी रोड स्टेशनवर घोटाळा झाला. लोकल काही सेकंदच थांबते. पाच जणी चढलो आणि गाडी सुटली. वहिनी खालीच! त्यांचा मोबाईलही बंद. आमचे पाय गळाले. ग्रँट रोडला उतरलो. तिघी तिथंच थांबल्या, आम्ही दोघी उलट्या गाडीने परत गेलो. मनात नको नको ते. त्यांच्या मालकांना काय सांगायचं?

वहिनी होत्या त्याच जागी, बाकावर बसलेल्या. हातात चिठ्ठी. शेजारच्या बाईशी आमच्या चटणीबद्दल बोलत होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "एवढ्या धापा कशाला टाकताय? जागा सोडायची नाही, असंच ठरलं होतं ना?"

हॉलवर यायला सव्वादहा झाले. वहिनींनी आमच्या मोबाईलवरून घरी फोन केला. उशीर झाला तेही सांगितलं आणि गाडी चुकली तेही. पलीकडून फक्त "बरं" आलं. पहाटे मात्र मालकांचाच फोन आला, "उठलीस का? गाडी चुकवू नको."

नाशिकरोडला उतरल्यावर शहरात जायला बस लागते. ती कुठली, हे विचारायला त्या दिवशी वहिनी पुढे गेल्या. आम्ही सांगितलं नव्हतं.

मैत्रिणींनो, त्या रात्री काही अंगाशी आलं असतं तर? हा प्रश्न आम्हालाही पडतो. पण चुकामूक झालीच, आणि नियम ठरलेला होता म्हणून निभावली. जपणं म्हणजे कोंडून ठेवणं नव्हे, हे आम्ही त्या बाकापाशी शिकलो.

तुमचा गट पुढच्या वेळी प्रदर्शनाला, सहलीला गेला, तर एक संध्याकाळ स्वतःसाठी ठेवा. आधी सॅक भरा, चिठ्ठी लिहा, घरी खरं सांगा आणि बाहेर पडा. आल्यावर काय पाहिलं ते बैठकीत सांगा. आम्ही ऐकायला बसलोच आहोत.

नमस्कार.