वीरगळ आणि वारसनोंद

आज पदवी घेणाऱ्या नायगावच्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

जवानाचे पार्थिव गावी येते तेव्हा आपला मराठवाडा कधी मागे राहत नाही. नगरोट्याच्या हल्ल्यात 2016 मध्ये लोहा तालुक्यातल्या जानापुरीचे संभाजी कदम गेले. नारायणपूरच्या जंगलात 2021 मध्ये मुखेड तालुक्यातल्या बामणीचे सुधाकर शिंदे गेले. दोन्ही गावे आपल्या जवळचीच. अशा वेळी गर्दी जमते, घोषणा होतात, पुढाऱ्यांची भाषणे होतात, आणि त्यात खोटे काही नसते. पण हा दिवस सन्मानाचा सर्वांत सोपा दिवस आहे. अवघड दिवस तेराव्यानंतर सुरू होतात आणि ते तहसील, बँक, शाळा, ग्रामपंचायत अशा ठिकाणी काढावे लागतात. उद्या त्या ठिकाणी टेबलाच्या अलीकडे नव्हे, पलीकडे तुमच्यापैकीच कोणी बसलेले असेल. म्हणून सैनिकाचा मान राखणे हे पदवीधरांचे रोजचे काम आहे, असे माझे म्हणणे आहे.

आपल्या पूर्वजांना हे कळत होते. जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ दिसतात, ते एकदा थांबून नीट पाहा. खालच्या चौकटीत झुंज, तिच्या वरच्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगापुढे बसलेला तोच वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य. काही दगडांवर गाईगुरेही कोरलेली असतात, कारण तो गडी गावाचे गोधन सोडवताना पडलेला असतो. मराठेशाहीने याच्याही पुढचे पाऊल टाकले. लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या लेकरांच्या पोषणासाठी ‘बालपरवेशी’ नेमून दिली जाई. म्हणजे आठवणीला दगड होता आणि पोटाला नेमणूक. आपण त्यातला दगड तेवढा उचलला. चौकाचौकात स्तंभ आणि कमानी उभ्या केल्या. त्यातल्या कितींचे कुलूप फक्त झेंडावंदनाला उघडते, हे आपण सगळे जाणतो. याला अपवादही जवळच सापडतो. बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ 1946 साली गोविंदराव पानसरे यांची रझाकारांनी हत्या केली. त्यांच्या नावाने आज तिथे महाविद्यालय चालते. शेतकऱ्याची मुले तिथे शिकतात आणि फॉर्मवर रोज ते नाव लिहितात. असे स्मारक मला अधिक पटते.

आता टेबलाकडे येऊ. फौजेत लग्न, मुलांचे जन्म या सगळ्याची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ने होते. तिथे बायकोचे नाव माहेरचे लागलेले असते, आधारवर सासरचे. मुलीची जन्मतारीख रेकॉर्ड ऑफिसात एक, शाळेच्या निर्गम उताऱ्यावर दुसरी. नवरा हयात असेपर्यंत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. तो गेला की याच एका अक्षरापायी कुटुंबाचे निवृत्तिवेतन अडते, शिष्यवृत्ती अडते, सातबाऱ्यावरची वारसनोंद अडते. राज्य सरकारने 2020 मध्ये माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका घराची मालमत्ता कर माफी दिली. पण ती मिळायला अर्ज करावा लागतो, आणि तो कोणीतरी हातात द्यावा लागतो. वीरपत्नीला व्यासपीठावर शाल घालणारी ग्रामपंचायत तिच्याच दारी घरपट्टीची नोटीस पाठवत असेल, तर ती शाल कशाची? इथे लबाडी क्वचितच असते. बहुतेक वेळा असतो आळस, आणि ‘पुढच्या सोमवारी या’ म्हणण्याची सवय.

यावर एक आक्षेप मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या जिल्ह्यांत कर्जापायी शेतकरी जीव देतात, तिथे सैनिकाच्या घराला वेगळा मान का? शेतकऱ्याची विधवाही त्याच तलाठ्याकडे, त्याच वारसनोंदीसाठी उभी असते. खरे आहे. फरक इतकाच की सैनिकाला आपण सर्वांनी मिळून, आपल्या नावाने, सीमेवर पाठवलेले असते. त्यामुळे त्याचे देणे कराराइतके स्पष्ट आहे. पण शेतकऱ्याच्या विधवेला मागे सारून सैनिकाच्या विधवेला पुढे घ्या, असे मी म्हणत नाही. जो कारकून सैनिकाच्या विधवेचे काम एका फेरीत करायला शिकतो, त्याला दुसरीला चार हेलपाटे घालायला लावण्याचे कारण उरत नाही. आणि अशा सन्मानाने युद्धाचा उन्माद वाढेल ही भीती म्हणाल, तर उन्माद बॅनरवर पोसतो, फेरफार नोंदवहीत नाही.

‘पगार मिळतो, पेन्शन मिळते, कँटीन आहे, आणखी काय हवे?’ हा दुसरा आक्षेप पारावर नेहमी ऐकू येतो. त्याचे उत्तर आता नियमच देत आहेत. सुधाकर शिंदे ज्या भारत-तिबेट सीमा पोलीस दलात होते, ते गृहखात्याचे. तिथून निवृत्त झालेला जवान ‘माजी सैनिक’ या व्याख्येत बसत नाही. फौजेत चार वर्षांसाठी भरती करणारी अग्निपथ योजना 2022 मध्ये आली. तिच्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026 च्या अखेरीपासून भरू लागतात. त्यांतल्या जास्तीत जास्त 25 टक्के मुलांना पुढे घेण्याची तरतूद आहे. बाकीची एकरकमी सेवानिधी घेऊन परततील, पेन्शनशिवाय आणि माजी सैनिकाच्या दर्जाशिवाय. ती तुमच्याच वयाची असतील. कोणी बारावीनंतर गेलेला, म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षाला बसेल. कोणी अडत दुकानावर किंवा सुरक्षा रक्षकाच्या नोकरीवर जाईल. या महाविद्यालयाने त्यांच्या प्रवेशासाठी, खंड पडलेल्या शिक्षणाच्या कागदांसाठी एक प्राध्यापक आतापासून नेमून ठेवावा, ही प्राचार्यांना माझी विनंती. आणि तुमच्यापैकी जे यंदा तलाठी, ग्रामसेवक किंवा बँकेच्या परीक्षेला बसत आहेत, त्यांनी रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात आपल्या सज्जातल्या, गावातल्या, शाखेतल्या सैनिक कुटुंबांची यादी करून कोणाचे काय अडले आहे ते विचारावे. नांदेडला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. अर्जाचे नमुने तिथे मिळतात.